एमजीबीला 205 ची चाकं: एका गाडीचं प्रकरण

गाडी 1971 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन मूळचंच 1798 सीसीचं. मालकाने मोठ्या हौसेने 15 इंची, 7 इंच रुंद अलॉय रिम आणि त्यावर 205/60 चे टायर (205 मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के) बसवले, आणि पंधरवड्यात तक्रारींची रांग लागली. डावं मागचं चाक मडगार्डला घासतं. स्टिअरिंग उभ्या गाडीत हलता हलत नाही. रस्त्यावर चर असेल तर गाडी त्या चराच्या मागे जाते. आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ती पकड? ओल्या रस्त्यावर थोडी सुधारली, कोरड्यावर फरक कळत नाही.

घासणं थांबवायचं म्हणून मडगार्डची आतली कड ग्राइंडरने कापायची, एवढंच काम घेऊन तो माझ्याकडे आला होता. ते मी तिथेच नाकारलं. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. चाकाच्या कमानीची कड म्हणजे बाहेरचा आणि आतला पत्रा स्पॉट वेल्डने जोडलेली शिवण असते. ती कापली की दोन पत्रे सुटे होतात, मधे पाणी शिरतं आणि काही वर्षांत तिथूनच गंज फुलतो. कड दुमडून आत सपाट करता येते, पण तेही शेवटचा उपाय म्हणून.

आधी चाक काढलं, कारण घासण्यापेक्षा मला त्या रिमच्या मागे काय आहे याची काळजी जास्त होती. एमजीबीच्या चाकाला चार स्टड, साडेचार इंची वर्तुळावर, म्हणजे 114.3 मिमी. हेच माप कितीतरी जपानी गाड्यांना आहे, म्हणून त्यांच्या रिम एमजीबीच्या स्टडवर अगदी सहज चढतात. चढतात म्हणजे बसतात असं नाही. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांच्या रिमचा ऑफसेट बहुधा 38 ते 45 मिमी असतो, म्हणजे हबला, चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून तितकी बाहेर, आणि रिम गाडीच्या आत शिरलेली. या रिमवर 38 कोरलेलं होतं. रिम आत घासू नये म्हणून विकणाऱ्याने चारही हबवर 20 मिमीचे ॲल्युमिनियमचे स्पेसर घालून दिले होते. स्टड मात्र मूळचेच.

पहिला नट पान्याने सैल केला आणि पुढे बोटांनी फिरवत मोजत गेलो. सहाव्या फेरीला नट हातात आला. हे स्टड अर्धा इंच जाडीचे, इंचाला 20 आटे, म्हणजे एका फेरीला 1.27 मिमी. सहा फेऱ्या म्हणजे साडेसात मिमीची पकड. स्टडच्या जाडीइतकी, म्हणजे 12.7 मिमी तरी पकड हवी असा साधा नियम आहे, त्याला दहा फेऱ्या लागतात. मालक शेजारीच उभा होता. मी एक शब्द न बोलता नट त्याच्या हातात ठेवला. मडगार्डचा विषय त्यानंतर बराच वेळ निघाला नाही.

नटाची बैठकही बघण्यासारखी होती. मूळ पोलादी चाकांचे नट शंकूच्या तोंडाचे. अलॉय रिमला तिच्या भोकाप्रमाणे नट लागतात, कुठे शंकूचे, कुठे सरळ बाहीचे वॉशर घातलेले. इथे रिमच्या भोकात नटाचं तोंड फक्त कडेला टेकलं होतं, आणि तिथे ॲल्युमिनियमवर चकचकीत वळं पडलं होतं. असा नट कितीही आवळा, थोड्या दिवसांत सैल होणारच. गाडी त्या दिवसापासून जुन्या चाकांवर उभी केली.

जुनी चाकं म्हणजे रोस्टाइल, 14 इंची, 5 इंच रुंद, टायर 165. नवी चाकं का घेतली असं विचारल्यावर मालकाने सांगितलं, की या टायरवर गाडी वळणात घसरायची, मागचं टोक आधी सुटायचं, पावसात तर भीतीच वाटायची. निदान त्याचंच: टायर अरुंद आहेत.

टायरच्या बाजूवरचा तारखेचा आकडा वाचला: 1409. 2009 सालचा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून कुणाला संशयच आला नाही. हौसेच्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. गाडी वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर धावते, टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नखाने दाबलं तर रबर दबत नव्हतं, खाचांच्या तळाशी बारीक भेगा होत्या. असं रबर 165 चं असो की 205 चं, ओल्या रस्त्याला ते धरणार कसं?

म्हणून नव्या चाकांचा विचार बाजूला ठेवून एक तुलना करून पाहिली. ओळखीच्या दुसऱ्या एमजीबीची, नुकते 165 चे टायर टाकलेली रोस्टाइल चाकं दोन दिवस मागून आणली आणि या गाडीला लावली. रुंदी तीच, साइज तोच, बदललं ते फक्त रबराचं वय. मालक एक फेरी मारून आला आणि गाडीतून उतरेचना. मग म्हणाला, "काका, हे तर जुन्याच रुंदीचे आहेत." मी म्हटलं, हो. अर्धी तक्रार तिथेच मिटली होती. उरलेली अर्धी मागच्या पाट्यांच्या बुशांमध्ये, म्हणजे पाट्यांच्या टोकाच्या रबरी नळ्यांमध्ये निघाली: रबर कुरतडलं होतं, आणि बॉडी धरून हलवली की एक्सल डावी-उजवीकडे सरकताना डोळ्यांना दिसत होता. एमजीबीच्या मागच्या एक्सलला आडवा दांडा नाही, त्याला बाजूने धरून ठेवतात ते पाटे आणि त्यांचे बुशच. ते गेले की मागचं टोक सैल वाटणारच, टायर कुठलाही असो. बुश बदलले, किंगपिनला (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिला) ग्रीस भरलं, पुढच्या हबच्या बेअरिंगची ढील बघितली. ही ढील फार काटेकोर असते, हजारांश इंचात 2 ते 4. तिथे स्टब ॲक्सलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या आखूड दांड्यावर, बेअरिंगच्या मधे एक नळी आणि तिला लावायचे पातळ शिम (चकत्या) असतात. काही जण ती नळी काढून नुसत्या अंदाजाने नट आवळतात. रुंद, चिकट टायर लावणाऱ्याने तर हे मुळीच करू नये, कारण ती नळीच ॲक्सलला वाकण्यापासून सावरते.

इतकं झाल्यावर मालकाचा खरा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. "काका, पण टायर रुंद म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर जास्त, मग पकड जास्तच की. यात चुकतंय कुठे?"

चुकतं ते पहिल्याच वाक्यात. टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्यावर वजन किती आणि आत हवा किती. दोन माणसं बसलेली ही गाडी साधारण 1100 किलो धरली तर एका चाकावर 275 किलो. 165 च्या रेडियलला एमजीबीच्या हँडबुकात हवा पुढे 21 आणि मागे 24 पौंड (दर चौरस इंचाला) दिली आहे. 24 पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला 1.69 किलो. भागाकार केला की टेकणारी जागा सुमारे 163 चौरस सेंमी येते. नव्या 205 मध्ये टायरवाल्याने हल्लीच्या गाड्यांच्या सवयीने 32 पौंड भरली होती, म्हणजे 2.25 किलो. तिथे तोच भागाकार 122 वर येतो. टायर रुंद झाला आणि रस्त्याला टेकणारं रबर कमी झालं. टायरचा स्वतःचा ताठपणाही थोडं वजन उचलतो, त्यामुळे हे आकडे काटेकोर नाहीत, पण दिशा हीच.

हवा सारखी ठेवली तर रुंदीने बदलतो तो त्या जागेचा आकार. 12 सेंमी रुंद नक्षी साडेतेरा सेंमी लांब टेकते; साडेसोळा सेंमी रुंद नक्षी जेमतेम दहा सेंमी. आखूड आणि रुंद ठसा वळणात लवकर प्रतिसाद देतो, शर्यतीत जास्त उष्णता पचवतो, त्याला मऊ रबर चालतं. रुंदीचा फायदा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण 95 अश्वशक्तीच्या, साडेनऊशे किलोच्या आसपासच्या गाडीला सार्वजनिक रस्त्यावर ती उष्णता तयारच होत नाही. 1973 मध्ये कारखान्याने याच बॉडीत साडेतीन लिटरचं व्ही-8 बसवलं, 137 अश्वशक्तीचं. त्या जीटी व्ही-8 ला टायर दिले 175 चे, 5 इंची रिमवर. त्याच कंपनीच्या वारसांनी पुढे 1992 मध्ये आरव्ही-8 आणली, तिला 205 दिले, पण त्यासाठी चारही मडगार्ड फुगवून नवे काढले. 205 ला जागा करायची तर पत्रा बदलावा लागतो हे तिथे उघड आहे.

स्टिअरिंग जड होण्याचं आणि चराच्या मागे जाण्याचं कारण शोधताना मी आधी ऑफसेटकडे गेलो. 38 मधून 20 चा स्पेसर वजा, म्हणजे 18. रोस्टाइलचा ऑफसेट मोजला तर 22 च्या आसपास. चाकाची मध्यरेषा फक्त 4 मिमी बाहेर सरकली होती. एवढ्याने स्टिअरिंगचा स्वभाव बिघडत नाही. ऑफसेट निर्दोष सुटला, स्पेसर मात्र नाही. दोष होता पुढच्या भूमितीचा आणि रुंदीचा एकत्र. एमजीबीचा कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, 7 अंश, म्हणजे हल्लीच्या हिशोबानेही भरपूर. अरुंद टायरला स्टिअरिंग सरळ राहावं म्हणून दिलेला. त्यावर रुंद टायर घातला की तीच गोष्ट हातांना वजन होऊन लागते. आणि कॅम्बर साधारण 1 अंश धन, म्हणजे चाकाचा माथा किंचित बाहेर झुकलेला. गोलसर खांद्याच्या जुन्या टायरला ते चालतं. सपाट, रुंद, ताठ बाजूच्या टायरला हाच झुकाव एका कडेवर उभा करतो. पुढच्या 205 च्या बाहेरच्या कडेला पंधरवड्यातच लकाकी आली होती, आतली कड कोरी. मग रस्त्याचा प्रत्येक चर त्या एका कडेला धरून चाक ओढतो.

आता घासण्याकडे. डावीकडेच का?

चारही मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि दोरीपासून टायरच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर पट्टीने घेतलं, जुन्या चाकांवर. मागे उजवीकडे 41 मिमी, डावीकडे 32. एमजीबीच्या मालकांना हा फरक नवा नाही. बऱ्याच गाड्यांत डाव्या मागच्या चाकाला जागा कमीच असते. म्हणून एका बाजूला माप घेऊन दोन्हीकडे तेच धरणं या गाडीत चालत नाही.

पुढचं गणित कागदावर होतं. 165 चा टायर 5 इंची रिमवर सुमारे 170 मिमी फुगतो. अर्धा 85, त्यातून ऑफसेट 22 वजा, म्हणजे हबच्या बैठकीपासून टायर बाहेर 63 मिमी येतो आणि आत 107 जातो. 205 चा टायर 6 इंची रिमवर 209 भरतो. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण 5 मिमी फुगतो, म्हणून 7 इंचावर 219 च्या घरात. टायरवर लिहिलेलं 205 हे सगळ्या रिमवर 205 नसतं, हे बहुतेक जण विसरतात. अर्धा 109, ऑफसेट 18: बाहेर 91, आत 127. म्हणजे बाहेर 28 मिमीची भर. डावीकडच्या 32 मधून 28 गेले, उरले 4.

उभ्या गाडीत 4 मिमीही दिसायला पुरतात, आणि मालकाने गॅरेजमध्ये बघून समाधानही मानलं होतं. पण मागचा एक्सल अखंड आहे. उजवं चाक उंचवट्यावर चढलं की सगळा एक्सल तिरपा होतो आणि डाव्या चाकाचा माथा बाहेर झुकतो. दोन चाकांतलं अंतर 1250 मिमी. एक चाक दुसऱ्यापेक्षा 65 मिमी वर गेलं की एक्सल 3 अंशांनी कलतो. मडगार्डची कड एक्सलच्या मध्यापासून सुमारे 250 मिमी वर, तिथे 3 अंशांत टायर 13 मिमी बाहेर येतो. डावं वळण असेल तर बॉडी वरून उजवीकडे सरकते आणि डावा मडगार्ड टायरच्या अंगावर येतो, बुश नवे असले तरी काही मिमी. मालकाला विचारलं, घासतं कधी? "डावीकडे वळताना, आणि रस्ता खराब असेल तर. सरळ रस्त्यावर कधीच नाही." कागद आणि कान दोन्ही एकच सांगत होते.

याची खात्री गाडी उभी असतानाच करता येते. डिकीत आणि दोन्ही सीटवर वाळूच्या पिशव्या टाकल्या, मडगार्डच्या आतल्या कडेला मऊ चिकणमातीची पट्टी चिकटवली, उजवं मागचं चाक फळ्यांवर चढवलं आणि दोघांनी बॉडी दाबून धरली. मातीवर टायरच्या खांद्याची नक्षी उमटली, अगदी ब्लॉकच्या कडांसकट. इंचपट्टीपेक्षा या मातीवर माझा जास्त भरवसा आहे. तिला वजन, पाटे, बुश सगळ्यांचा हिशोब आपोआप कळतो.

हे पाहून मालकाने 205 सोडले, पण मूळ रुंदीवर परत जायला त्याचं मन तयार नव्हतं, आणि मीही आग्रह धरला नाही. 185/70 चे टायर, 14 इंची, साडेपाच इंच रुंद रिम, ऑफसेट 22, हे ठरलं. खरं तर हाच टायर रोस्टाइलच्या 5 इंचावरही चालला असता आणि खर्च वाचला असता. पण त्याच्या दोन रोस्टाइल रिम फिरताना डगमगत होत्या, शिवाय मिनीलाइटच्या घाटाची आठ आऱ्यांची चाकं त्याच्या मनात कधीपासून होती. हौस आहे म्हणूनच माणूस ही गाडी ठेवतो.

गोलाई जुळते. 165/80 चं चाक 620 मिमी व्यासाचं, 185/70 चं 615. स्पीडोमीटरमध्ये एक टक्क्याहून कमी फरक. त्याने मधे 205/50 चाही विचार केला होता, कारण तो "जास्त स्पोर्टी" दिसतो. 205/50 चं 15 इंची चाक 586 चं. काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी 95 च्या खाली असेल, इंजिन सगळा वेळ जास्त फिरेल, गाडी 17 मिमी खाली बसेल आणि मडगार्डमध्ये मोठी पोकळी दिसेल. शिवाय टायरची बाजू जेमतेम 102 मिमी उरते. एमजीबीचे पाटे आणि लीव्हरचे शॉक अब्सॉर्बर उंच, मऊ बाजूच्या टायरवर भरवसा ठेवून केलेले आहेत. खड्ड्याचा पहिला धक्का टायरनेच गिळायचा असतो.

जागेचं गणित: 185 चा टायर साडेपाच इंचावर 189 भरतो. बाहेर साडेबहात्तर, म्हणजे मूळपेक्षा साडेनऊ मिमी जास्त. डावीकडे 22 उरतात. कलण्याचे 13 आणि बुशांचे पाच गेले तरी चारेक मिमी शिल्लक. मातीची पट्टी लावून तोच प्रयोग पुन्हा केला, पट्टी कोरी निघाली. पुढे पूर्ण स्टिअरिंग वळवून आतून अँटी-रोल बारपाशी बोट घालून बघितलं, जागा होती. स्पेसर नाही. नट रिमच्या भोकाच्या शंकूला जुळणारे घेतले आणि टॉर्क पान्याने 85 न्यूटन-मीटरला आवळले. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. अलॉय रिम बसताना थोडी दबते, हे दुसऱ्यांदा आवळणं कुणी टाळू नये.

हवेचा आकडा हँडबुकात मिळणार नव्हता, कारण तो टायरच हँडबुकात नाही. पुढे 24, मागे 26 वर सुरुवात केली, नक्षीवर आडवी खडूची रेघ ओढून गाडी सरळ थोडी चालवली. पुढे रेघ मधे टिकून कडांना पुसली जात होती, म्हणजे हवा थोडी कमी. 26 केली, रेघ एकसारखी पुसली गेली. मागे 26 च ठेवली. गाडी आता वळणात आधी पुढचं टोक किंचित सोडते आणि मग सावकाश मागचं, जशी ही गाडी करत आली आहे. स्टिअरिंग पार्किंगमध्ये 165 पेक्षा जड आहे, 205 इतकं नाही.

मालक आता विचारतोय, की पुढच्या कॅम्बरसाठी बदलीचे खालचे आर्म घालावेत का, म्हणजे चाकाचा माथा आत झुकेल. मी त्याला हंगामभर थांबायला सांगितलंय. पुढच्या टायरची आतली आणि बाहेरची कड दर महिन्याला खोलीमापकाने मोजून वहीत लिहायची. बाहेरची कड आतलीपेक्षा उघड वेगाने झिजली तर आर्म घेऊ. पहिल्या महिन्याच्या नोंदीत दोन्ही कडा सारख्याच आहेत. 205 ची चाकं अजून त्याच्या गॅरेजच्या भिंतीला टेकून आहेत, स्पेसर काढून. ती विकताना घेणाऱ्याची गाडी कुठली आहे हे आधी विचार, एवढंच मी त्याला बजावून ठेवलंय.